लिंक दाबली, पुढं काय? नागपुरात बसून मराठी ई-बुक विकण्याची वाट

"मॅडम, लिंक दाबली. पुस्तकाचं चित्रही दिसलं. पण पैसे कुठं भरायचे तेच नाही समजलं."

माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं ई-बुक निघालं, त्या आठवड्यात धरमपेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचा हा फोन आला. त्यांनी फोन तरी केला. त्यांच्यासारखे किती जण दुकानाच्या दारापर्यंत येऊन मुकाट्यानं परत गेले असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढं ओळखीतल्या काही लेखकांची पुस्तकं डिजिटल करायला मदत केली, तेव्हाही तेच दिसलं. मराठी ई-बुकला वाचक असतो, पण तो वाटेत कुठंतरी अडकतो. कधी फाइलमधल्या तुटक्या अक्षरांपाशी, कधी फुकट वाचायला मिळणाऱ्या पुळचट नमुन्यापाशी, कधी थेट खरेदीच्या बटणापाशी. तुमचा वाचक कुठं अडकतो ते शोधून ती जागा मोकळी कशी करायची, ते इथं क्रमानं सांगते.

आधी बाजाराकडे एक नजर

ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र, किंडल, अमेरिकेत २००७ मध्ये आलं, भारतातलं किंडल दुकान २०१२ मध्ये उघडलं आणि त्यात मराठी पुस्तकं रीतसर आली ती २०१६ च्या डिसेंबरात. म्हणजे इंग्रजी ई-बुकाचा पहिला बहर ओसरल्यावर आपण दुकानात पाय ठेवला. अमेरिकेत २०१३-१४ च्या सुमारास ई-बुकांची वाढ मंदावली, २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा उसळी आली आणि मग ती खाली बसली. आज तिथल्या प्रकाशकांच्या सर्वसाधारण पुस्तकांच्या उत्पन्नात ई-बुकाचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. श्राव्य पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं वाढत आली आहेत.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते बहुतांशी प्रकाशकांनी दिलेल्या माहितीवरून बनतात. लेखकानं स्वतः, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) न घेता चढवलेली पुस्तकं त्यात मोजलीच जात नाहीत. म्हणून 'ई-बुक संपलं' या बातमीनं खचू नका आणि 'आता सगळं डिजिटलच' या भाषणानं हुरळूनही जाऊ नका.

मराठीचं चित्र वेगळं आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान २००८ पासून मोफत ई-पुस्तकं वाचकांपर्यंत पोहोचवत आलं. त्यातून पडद्यावर वाचायची सवय लागली, आणि फुकट वाचायचीही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीनं फोनवर क्रमशः कथा वाचणारा मोठा वर्ग घडवला. श्राव्य पुस्तकांचं स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी ऐकणारे वाढले. बुकगंगावर मराठी ई-बुकं विकत मिळतातच. यातून मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढला आहे: आपला वाचक किंडल यंत्रावर नाही, हातातल्या फोनवर वाचतो. पुढची प्रत्येक पायरी त्या सहा इंची पडद्याकडे बघून ठरवायची.

पायरी पहिली: हक्क कुणाकडे आहेत ते बघा

नव्या लेखकाला ही पायरी सोपी आहे. ज्यांची पुस्तकं आधी कुणी प्रकाशकानं छापली आहेत, त्यांनी मात्र जुना करार शोधून काढावा. कपाटात नसेल तर प्रकाशकाकडे प्रत मागावी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूच्या काही तरतुदी आहेत आणि बहुतेकांना त्या ठाऊक नसतात. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठी दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. हक्क घेऊन एक वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक भर पडली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हक्क दिलेले मानले जात नाहीत. जुन्या करारांना हे कसं लागू होतं हा प्रश्न बारीक आहे, म्हणून वकिलाला एकदा कागद दाखवा. पण विचारल्याशिवाय 'हक्क गेले' असं मानून बसू नका.

नवा करार करताना छापील, ई-बुक, श्राव्य आणि अनुवाद या चार हक्कांसाठी चार वेगळी कलमं मागा. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' या एका ओळीखाली सही करू नका.

पायरी दुसरी: फाइल

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. माझी पहिली मोठी चूक इथंच झाली.

नागपुरात काय किंवा पुण्यात काय, मराठी पुस्तकाची अक्षरजुळणी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा जुन्या पद्धतींत होत आली. छपाईला ते उत्तम चालतं. ई-बुकाला मात्र युनिकोडच, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत लागते, कारण जुन्या फॉन्टमधला 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच, तो एखाद्या रोमन अक्षराला घातलेला मुखवटा असतो. मी अक्षरजुळणी करणाऱ्याकडून फाइल घेतली, परिवर्तकातून युनिकोड करून घेतली, वरवर चाळली आणि चढवली. पहिल्या वाचकानं फोटो पाठवला: 'दुसऱ्या' जिथं जिथं होतं तिथं 'दुसर्या' झालं होतं. दीडशे पानांत शेकडो ठिकाणी. त्या वाचकानं पुस्तक परत केलं, आणि त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून परिवर्तनानंतर वर्डमध्ये 'शोधा' उघडून मी या जागा एकेक करून तपासते.

'र्या' आणि 'र्हा' ही अक्षरं शोधा. 'आचार्यांना' बरोबर आहे, 'खोर्यात' चूक. तिथं 'खोऱ्यात' हवं. सगळीकडे एकदम बदल करायला जाऊ नका, नाहीतर 'सूर्या'चाही 'सूऱ्या' होईल. प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला.

'ध्द' शोधा. जुन्या टंकलेखनात 'शुध्द', 'प्रसिध्द', 'युध्द' असं सर्रास येतं. ते 'शुद्ध', 'प्रसिद्ध', 'युद्ध' करा.

'ऍ' शोधून मराठी 'ॲ' करा. अवतरणचिन्हं उलटी झाली आहेत का बघा. अनुस्वार आणि वेलांटी यांचा क्रम बिघडला तर पडद्यावर एक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते एकही राहता कामा नये. आकडे एक तर सगळे देवनागरी ठेवा किंवा सगळे इंग्रजी, मिसळ नको.

वर्डमध्ये पूर्ण मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' अशी ठरवून ठेवा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथं त्यामुळेच 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. भाषा 'हिंदी' राहिली तर अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि जुना वाचक तेवढ्यानंही बिचकतो.

आता मांडणी. प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' ही शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. परिच्छेदाची सुरुवात आत घ्यायला स्पेस किंवा टॅब दाबत बसू नका, शैलीतून समास ठरवा. पान बदलायला एंटर मारत जाऊ नका, पानफोड (पेज ब्रेक) वापरा. कवींसाठी खास सूचना: फोनवर लांब ओळ मोडून खाली येतेच, ते टाळता येत नाही. पण मोडलेला तुकडा थोडा आत सरकेल असा समास दिला, तर वाचकाला ओळ कुठं संपली ते कळतं. ग्रेस आणि सुरेश भट यांच्या गावात कवितेची ओळ चुकीच्या जागी तुटलेली मला बघवत नाही.

फाइल वर्ड किंवा ईपब (पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-बुकाची फाइल) स्वरूपात द्या. पीडीएफ फोनवर वाचायची म्हणजे बोटांनी पान मोठं करत, इकडून तिकडे सरकवत वाचायचं. तिथं वाचक दहाव्या मिनिटाला थकतो.

चढवण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये, म्हणजे किंडलवर पुस्तक कसं दिसेल ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पूर्ण पुस्तक बघा, मग स्वतःच्या फोनवर, अक्षर सगळ्यात मोठं करून. शेवटी घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. ते कुठं थांबतात, कुठं चष्मा पुसतात, ते टिपून ठेवा.

पायरी तिसरी: नमुना, मुखपृष्ठ, माहिती

ई-बुकाच्या दुकानात वाचकाला पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहावा भाग फुकट वाचता येतो. आपण मराठी लेखक त्या जागेत काय ठेवतो? अर्पणपत्रिका, मान्यवरांची प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश, आधीच्या पुस्तकांची यादी. शंभर पानांच्या संग्रहाचा नमुना तिथंच संपतो आणि तुमची एक ओळही वाचकाला दिसत नाही. प्रस्तावना कितीही मोठ्या माणसाची असो, ई-बुकात ती शेवटी न्या. अर्पणपत्रिकेनंतर थेट पहिली कथा, आणि तीही तुमची सगळ्यात जोरकस.

मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद ठेवा. मग ते बोटाच्या नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं पाहिजे. छापील मुखपृष्ठावरची नाजूक सुलेखनाची अक्षरं या आकाराला टिकत नाहीत, म्हणून ई-बुकासाठी वेगळं, ठळक अक्षर काढून घ्या.

ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकानं स्वतः किंडल पुस्तक चढवायच्या जागी, शोधशब्दांसाठी सात जागा मिळतात. त्यात 'उत्कृष्ट', 'वाचनीय' असले शब्द भरून उपयोग नाही, तसं कुणी शोधत नाही. वाचक 'मराठी भयकथा', 'वऱ्हाडी बोलीतल्या कथा', 'गोंडवाना इतिहास' असं शोधतो, आणि पुष्कळदा रोमन अक्षरांत टंकून शोधतो. काही जागा देवनागरीत भरा, काही रोमन लिपीत. लेखकाचं नाव प्रत्येक पुस्तकावर अगदी एकाच पद्धतीनं लिहा. एकदा आद्याक्षरं आणि एकदा पूर्ण नाव असं केलंत, तर दुकानाच्या लेखी तुम्ही दोन माणसं होता.

ई-बुकाला किंडलवर आयएसबीएन सक्तीचा नाही. पण भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, तेव्हा मिळत असताना घ्यावा. छापील आवृत्तीही काढणार असाल तर करातही फरक पडतो: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकावर २०१८ च्या जुलैपासून ५ टक्के, आणि फक्त डिजिटल असेल तर १८ टक्के असा नियम आला.

पायरी चौथी: दुकान निवडणं

किंडलवर मानधनाचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट'मध्ये द्यावं लागतं आणि किंमत त्यांनी आखलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. कर बाजूला ठेवला तर शंभर रुपयांच्या पुस्तकावर ३५ की ७० एवढा हा फरक आहे. ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारानुसार थोडा पोचवणुकीचा खर्च कापला जातो, म्हणून आत मोठाले फोटो कोंबू नका.

सिलेक्टची अट अशी: ९० दिवस हे ई-बुक दुसरीकडे कुठंही डिजिटल रूपात ठेवायचं नाही, फुकटसुद्धा नाही. छापील आवृत्तीला ही अट नाही. आपल्याकडचे बरेच लेखक इथं नकळत अडकतात. कथा आधी प्रतिलिपीवर पूर्ण टाकलेल्या असतात, एखादी दिवाळी अंकाच्या ऑनलाइन आवृत्तीत असते, संग्रहाची पीडीएफ कुठल्याशा गटात आपणच पाठवलेली असते. सिलेक्टला हो म्हणण्याआधी आपलं लिखाण कुठं कुठं आहे ते शोधा आणि काढून घ्या. काढता येत नसेल तर सिलेक्ट नको, ३५ टक्के घ्या आणि बुकगंगा, गूगल प्ले बुक्स असं सगळीकडे ठेवा.

माझं मत विचाराल तर: कादंबरी, मालिका, भयकथा, रहस्यकथा सिलेक्टमध्ये द्या, कारण सिलेक्टमधली पुस्तकं किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेतही जातात, तिचे वर्गणीदार असलं लिखाण भराभर वाचतात आणि तिथं वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. पानाचा दर दर महिन्याला बदलतो, त्यावर हिशेब बांधू नका. कविता, संशोधन, स्थानिक इतिहास मात्र जास्तीत जास्त दुकानांत असावं. त्यांचा वाचक विखुरलेला असतो.

खातं उघडताना पॅन आणि बँकेची माहिती लागते आणि करविषयक प्रश्नावली भरावी लागते. ती नीट भरा. अमेरिकेतल्या दुकानातून झालेल्या विक्रीवर तिथला कर ३० टक्के कापला जातो, भारत-अमेरिका करारामुळे तो १५ वर येतो, पण तुम्ही तसं भरलंत तरच. विदर्भातली किती मुलं तिकडे आहेत ते आठवा, म्हणजे हा मुद्दा किरकोळ वाटणार नाही. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात.

पायरी पाचवी: लिंक हातात देणं

आता त्या शिक्षकांच्या फोनकडे येते. अँड्रॉइड फोनवरच्या ॲमेझॉन ॲपमधून किंडल पुस्तक विकत घ्यायची सोय २०२२ मध्ये बंद झाली. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की ते ॲप उघडतं, पुस्तक दिसतं आणि खरेदीचं बटण मात्र नसतं. वाचकाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो संकोचानं गप्प बसतो. त्याचा संकोच दूर करणं हे लेखकाचंच काम आहे. मी लिंकसोबत नेहमी असा निरोप पाठवते:

"नमस्कार. संग्रहातली पहिली दोन पानं सोबत आहेत. पुढं वाचावंसं वाटलं तर अशा प्रकारे घ्या: १) खालची लिंक कॉपी करा. २) क्रोम उघडून वरच्या पट्टीत चिकटवा. ३) तुमच्या ॲमेझॉन खात्यानं आत जा आणि खरेदी करा. ४) फोनवर किंडल ॲप घ्या, त्याच खात्यानं उघडा, पुस्तक तिथं आलेलं असेल. अडलं तर मला फोन करा, मी लगेच सांगते."

शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि फोन आला की खरोखर सांगा. एकदा शिकलेला माणूस पुढची सगळी पुस्तकं स्वतः घेतो. सुरुवात करण्याआधी हा पूर्ण प्रवास दुसऱ्या कुणाच्या फोनवर स्वतः करून बघा, कारण दुकानांच्या पद्धती बदलत राहतात.

व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. ही मर्यादा चांगलीच आहे. दोनशे ओळखीच्या माणसांची यादी ही पाच हजारांच्या अनोळखी गटापेक्षा कितीतरी जास्त कामाची. सोबत दीड मिनिटाचा स्वतःच्या आवाजातला उतारा पाठवा. माझ्या अनुभवात लोक लांब मजकूर सोडून देतात, पण आवाज ऐकतात.

नागपुरात वाचक प्रत्यक्ष भेटण्याच्या जागा कमी नाहीत. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, १४ जानेवारीला त्याचा वर्धापनदिन असतो, सीताबर्डीवर त्याचे कार्यक्रम होतात. महाल, धरमपेठ, इतवारीतली वाचनालयं आहेत, महाविद्यालयांचे मराठी विभाग आहेत. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी विक्री होते, ती ज्यानं पाहिली आहे त्याला 'लोक वाचत नाहीत' हे वाक्य पुन्हा उच्चारता येणार नाही. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरी बांधून आणतात आणि पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात. मी तिथून दोन गोष्टी घेतल्या: पुस्तक कशाबद्दल आहे ते नावातूनच कळलं पाहिजे, आणि वाचकाला काहीतरी हातात धरायला मिळालं पाहिजे.

म्हणून ई-बुकासाठीसुद्धा आठ पानी पुस्तिका छापून घ्या. पहिली कथा पूर्ण, मागच्या पानावर क्यूआर आणि वरच्या निरोपातल्या खरेदीच्या चार पायऱ्या. कार्यक्रमाला येणाऱ्याच्या हातात ही द्या. क्यूआर ॲपऐवजी ब्राउझरमध्येच उघडतो ना, ते छापण्याआधी दोन-तीन फोनवर तपासा. प्रकाशन समारंभात मान्यवरांच्या भाषणांचा वेळ निम्म्यावर आणा आणि उरलेल्या वेळात एखाद्या तरुण मुलाला पडद्यावर खरेदी करून दाखवायला सांगा.

वेळ कोणती साधावी? दिवाळीत वाचक अंकांमध्ये गुंतलेला असतो, तेव्हा नवं पुस्तक आणू नका. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगले, पण त्या दिवशी सगळेच बोलत असतात. मला मे महिना आवडतो. नागपूरच्या उन्हात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, कूलरसमोर फोन हातात असतो.

सिलेक्टमध्ये ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं. एकच पुस्तक असेल तर ते दिवस वाया जातात. दुसरं पुस्तक आलं की पहिलं मोफत करा. शेवटच्या पानावर दुसऱ्याची लिंक असू द्या.

अभिप्राय मागा, पण घरच्यांकडून आणि जवळच्या मित्रांकडून लिहवून घेऊ नका. ॲमेझॉनच्या नियमात ते बसत नाही, असे अभिप्राय काढून टाकले जातात. पैसे घेऊन 'बेस्टसेलर' करून देणाऱ्यांपासून लांब राहा. दुकानातला क्रमांक दिवसातून अनेकदा बदलतो आणि छोट्या विभागात थोड्याशा प्रतींवरही पहिला येतो. त्याचा स्क्रीनशॉट विकत घेण्यासाठी घरातले हजारो रुपये घालवू नका.

पायरी सहावी: स्वतःची वही

दर रविवारी केडीपीच्या अहवालातले तीन आकडे वहीत उतरवा: विकल्या गेलेल्या प्रती, वाचली गेलेली पानं, परत आलेल्या प्रती. समोर त्या आठवड्यात तुम्ही काय केलंत ते लिहा: कार्यक्रम, आवाजाचा निरोप, वर्तमानपत्रातलं परीक्षण. तीन महिन्यांत तुमच्या पुस्तकाचा कल तुम्हाला दिसू लागतो. प्रती परत येत असतील तर फाइल तपासा. लोक लिंकबद्दल विचारतात पण विक्री नाही, तर खरेदीची वाट तपासा. वाचलेल्या पानांचा आकडा पुस्तकाच्या मानानं फारच थोडा, असं पुन्हापुन्हा दिसलं तर सुरुवातीच्या कथा उघडून बसा. चढवलेली फाइल कधीही सुधारून पुन्हा चढवता येते, ती सोय वापरा.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यासमोर चार प्रती लिहिल्या आहेत. त्यातली चौथी त्या धरमपेठेतल्या सरांची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्याच फोनवर खरेदीच्या चारही पायऱ्या करून दाखवल्या. मी निघाले तेव्हा ते दुसऱ्या पानावर होते.